अमावास्या कोणत्या राशीत? नवशिक्यांनी ती कशी वाचावी

‘सिंहेतली अमावास्या’, ‘वृश्चिकेतली अमावास्या’ असे मथळे दर महिन्याला दिसतात आणि त्यांच्याखाली बारा राशींची बारा भाकिते असतात. नव्याने शिकणारा माणूस आपली रास शोधतो, दोन ओळी वाचतो आणि पुढे जातो. अशा दोन ओळींत ज्योतिष फार थोडे असते. अमावास्येची रास हे वाचनाचे पहिले पाऊल आहे. एखादी गोष्ट कोणत्या ढंगाने घडेल हे रास सुचवते. आयुष्याच्या कोणत्या भागात घडेल हे तुमच्या कुंडलीतले स्थान सांगते आणि तिच्यात किती जोर असेल हे राशीस्वामीवरून, म्हणजे त्या राशीचा मालक मानलेल्या ग्रहावरून, व जवळच्या ग्रहांवरून ठरते. या तिन्ही गोष्टी तुम्हाला स्वतःच्या स्वतः काढता येतात. त्यासाठी जन्मकुंडली, ग्रहांचे अंश देणारे पंचांग किंवा अ‍ॅप आणि एक वही एवढे पुरते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. अमावास्येच्या राशीवरून घटना ठरतात, असे वैज्ञानिक चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. पुढे जे अर्थ येतील ते ज्योतिषपरंपरेतले आहेत. स्वतःकडे दर महिन्याला शिस्तीने पाहायला ही पद्धत मला फार मोलाची वाटते. औषधोपचार, कर्ज, कोर्टकचेरी यांचे निर्णय मात्र त्या त्या जाणकाराला विचारूनच घ्या.

आधी आकाशात काय घडते ते पाहा

राशिचक्र ३६० अंशांचे असते. त्यात १२ राशी आहेत आणि प्रत्येक रास ३० अंशांची आहे. रवी रोज सुमारे एक अंश पुढे सरकतो, तर चंद्र सुमारे तेरा अंश. त्यामुळे रवी एका राशीत महिनाभर राहतो आणि चंद्र तीच रास सव्वादोन दिवसांत ओलांडतो. पळता पळता चंद्र रवीला गाठतो आणि दोघांचे अंश-कला एक होतात (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). या जुळण्याला युती म्हणतात. तो क्षण अमावास्येचा. चंद्र तेव्हा सूर्याबरोबरच उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो, म्हणून तो दिसत नाही.

घड्याळाचे काटे डोळ्यांसमोर आणा. तासकाटा म्हणजे रवी, मिनिटकाटा म्हणजे चंद्र. दोन्ही काटे बाराला जुळले की पुढच्या वेळी ते बारावरच जुळत नाहीत, एकच्या थोडे पुढे जुळतात. मधल्या वेळात तासकाटाही सरकलेला असतो. अमावास्येचेही असेच आहे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे जातात आणि तेवढ्यात रवी सुमारे २९ अंश पुढे गेलेला असतो. म्हणून अमावास्या बहुधा दर महिन्याला पुढच्या राशीत होते.

यातून एक साधी पण उपयोगी कसोटी मिळते. अमावास्येची रास म्हणजे त्या वेळची रवीची रास. ऑगस्टमध्ये मेषेत अमावास्या होऊच शकत नाही. कुठे तसे वाचलेत, तर लिहिणाऱ्याने गणित तपासलेले नाही हे लगेच ओळखा.

पायरी पहिली: सायन की निरयन, हे ठरवा

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

पाश्चात्य ज्योतिषी सायन राशिचक्र वापरतात. त्यात वसंतसंपाताला, म्हणजे साधारण २० किंवा २१ मार्चला दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, रवी मेषेत जातो. भारतीय परंपरेत बहुसंख्य ज्योतिषी निरयन चक्र वापरतात. ते ताऱ्यांच्या आधाराने मोजले जाते आणि त्यात रवीचा मेषप्रवेश १४ एप्रिलच्या आसपास होतो. दोन्हींतल्या अंतराला अयनांश म्हणतात. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्यामुळे हे अंतर वाढत जाते. भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षीय, म्हणजे चित्रा ताऱ्याच्या आधाराने मोजलेले, अयनांश स्वीकारले. तेच आज सर्वाधिक वापरात आहेत आणि सध्या ते २४ अंशांहून थोडे जास्त आहेत.

अंतर चोवीस अंशांचे आणि रास तीस अंशांची. म्हणजे दोन्ही पद्धतींत रास एकच येईल असे दर महिन्याला जेमतेम सहा दिवस असतात, साधारण महिन्याच्या मध्यावर. बाकीच्या वेळी एका पद्धतीने जी सिंहेतली अमावास्या, ती दुसरीने कर्केतली असते. १७ फेब्रुवारी २०२६ ची अमावास्या दोन्ही पद्धतींनी कुंभेत येते. १२ ऑगस्ट २०२६ ची मात्र सायन पद्धतीने सिंहेत २० अंशांवर आणि निरयन पद्धतीने कर्केत सुमारे २६ अंशांवर.

कोणती पद्धत खरी, या वादात सुरुवातीलाच शिरू नका. तुमची कुंडली ज्या पद्धतीने मांडली आहे त्याच पद्धतीची अमावास्या घ्या. मराठी घरांतली पत्रिका जवळजवळ नेहमी निरयन असते, तर इंग्रजी संकेतस्थळांवरची माहिती बहुतेक सायन. निरयन पत्रिका हातात धरून सायन अमावास्येचे भाकीत वाचले, तर स्थान चुकते आणि पुढचे सगळेच चुकते. मी स्वतः निरयन वापरते आणि पुढची उदाहरणे त्यानुसारच दिली आहेत.

पायरी दुसरी: दिवसावर थांबू नका, क्षण आणि अंश काढा

दिनदर्शिकेत ‘अमावास्या’ असे लिहिलेला दिवस आणि खरी युती होण्याचा क्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रवी आणि चंद्र यांच्यातल्या बारा-बारा अंशांच्या अंतराने एकेक तिथी होते. चंद्र रवीच्या मागे बारा अंशांवर आला की अमावास्या लागते आणि त्याला गाठले की संपते. म्हणजे पंचांगात जी ‘अमावास्या समाप्ती’ची वेळ दिलेली असते, तोच युतीचा नेमका क्षण. कुंडली मांडायची ती या वेळेची.

हे न कळल्याने रास कशी चुकते ते पाहा. १६ मे २०२६ रोजी जागतिक वेळेनुसार रात्री आठच्या सुमारास युती होते. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतात १७ मे उजाडण्याआधीचे रात्रीचे दीड वाजतात. त्या क्षणी रवी-चंद्र वृषभेत पावणेदोन अंशांवर आहेत. पण तिथी लागली तेव्हा चंद्र मेषेत एकोणीस अंशांच्या आसपास होता. अमावास्येच्या तिथीचा बहुतेक भाग चंद्र मेषेतच असतो आणि वृषभेत येतो तो शेवटच्या दोन-तीन तासांत. दुपारी अ‍ॅप उघडून चंद्राची रास पाहणारा ‘मेषेतली अमावास्या’ असे लिहून मोकळा होईल. युती मात्र वृषभेतली आहे.

वहीत चार गोष्टी लिहा: युतीची तारीख आणि वेळ, रास, अंश-कला आणि नक्षत्र. एका नक्षत्राचा विस्तार १३ अंश २० कला असतो, त्यामुळे एका राशीत सव्वादोन नक्षत्रे येतात आणि अर्थाला बारकावा मिळतो. कर्केत पाच अंशांवरची अमावास्या पुष्य नक्षत्रात येते, सव्वीस अंशांवरची आश्लेषेत. पुष्याशी पोषण आणि आधार जोडलेला आहे. आश्लेषेशी जोडलेले आहेत घट्ट विळखे, जुनी गुपिते आणि सोडवायला अवघड अशी बंधने. रास एकच, पण बोलण्याचा सूर निराळा.

पायरी तिसरी: राशीचा ढंग ओळखा

बारा राशींची बारा वर्णने पाठ करू नका. प्रत्येक राशीच्या तीनच गोष्टी लक्षात ठेवा, त्यांतून अर्थ आपोआप उभा राहतो. तत्त्व (अग्नी, पृथ्वी, वायू, जल), प्रकार (चर, स्थिर, द्विस्वभाव) आणि स्वामी. चर राशी सुरुवात करते, स्थिर राशी धरून ठेवते, द्विस्वभाव राशी जुळवून घेते आणि बदलते.

अग्नीच्या राशींत अमावास्या झाली की विषय उत्साहाचा आणि स्वतःहून पुढे होण्याचा असतो. मेष चर आणि तिचा स्वामी मंगळ, म्हणून नवे काही अंगावर घेण्याची ओढ, थोडी घाईसुद्धा. सिंह स्थिर आणि तिचा स्वामी खुद्द रवी. इथला प्रश्न असतो की मी जे करतो त्यात मी स्वतः दिसतो का, आणि ते मी लोकांसमोर धरायला तयार आहे का. धनू द्विस्वभाव, स्वामी गुरू. शिकणे, शिकवणे, श्रद्धा तपासून पाहणे.

पृथ्वीच्या राशी व्यवहाराच्या. मकरेत जबाबदारी आणि दीर्घ पल्ल्याचे काम येते, वृषभेत पैसा, वाणी आणि स्थैर्य. कन्येतली अमावास्या मला नवशिक्यांसाठी सर्वांत सोयीची वाटते, कारण तिचे विषय अगदी हाताशी असतात: दिनक्रम, तब्येत, अर्धवट राहिलेली कामे, कागदपत्रांची लावालाव. स्वामी बुध असल्याने याद्या आणि तपशील यांना इथे खरी किंमत येते. पद्धत शिकायला सुरुवात करायची असेल तर कन्येच्या अमावास्येला करा. काय घडले आणि काय नाही हे महिन्याअखेर सहज मोजता येते.

वायूच्या राशी माणसांच्या आणि विचारांच्या. मिथुनेत संवाद, लिखाण, भावंडे. तुळेत भागीदारी आणि तोल. कुंभेत गट, मित्रमंडळ, समाजाशी असलेले नाते. कुंभेचा स्वामी शनी, त्यामुळे तिथली नवी सुरुवात सावकाश रुजते हे ध्यानात असू द्या.

जलराशींत गाडी भावनेवर येते. कर्क चर आहे आणि चंद्र तिचा स्वामी: घर, माया, सुरक्षितता. मीन द्विस्वभाव, गुरूची: सोडून देणे, एकांत, करुणा, कल्पनाशक्ती. वृश्चिक स्थिर जलराशी, स्वामी मंगळ. पाणी आहे, पण वाहत नाही, खोल साचलेले आहे. इथे अमावास्या झाली की मनात दडवलेले विषय वर येतात असे मानले जाते: मत्सर, भीती, अडकलेले पैसे, न बोललेले दुःख. वृश्चिकेचे नाव निघाले की घाबरवणारे लिखाण फार होते. त्याकडे दुर्लक्ष करा. खोलवर पाहण्याचे धैर्य देणारी ही रास आहे आणि सवय तोडायची असेल तर तिच्याइतका चांगला महिना मी दुसरा मानत नाही.

चार राशींपुढे वहीत खूण करून ठेवा. मेषेत रवी उच्चीचा, म्हणजे सर्वांत बलवान, असतो आणि तुळेत नीचेचा, म्हणजे सर्वांत दुबळा. वृषभेत चंद्र उच्चीचा, वृश्चिकेत नीचेचा. अमावास्येला दोघे एकाच राशीत असल्याने या चार ठिकाणी दोघांपैकी एकाचे पारडे स्पष्टपणे जड किंवा हलके होते. मेषेत इच्छाशक्ती पुढे, तुळेत ती इतरांच्या मतांपुढे नमते. वृषभेत मन शांत, वृश्चिकेत ते ढवळलेले. मे २०२६ ची अमावास्या वृषभेत पावणेदोन अंशांवर आहे. चंद्राचा परमोच्च बिंदू तिथेच, वृषभेच्या तीन अंशांवर येतो.

पायरी चौथी: राशीच्या स्वामीला शोधा

ज्या राशीत अमावास्या आहे तिचा स्वामी त्या वेळी कुठे आणि कसा आहे ते पाहा. भाकितांच्या दोन ओळींत हेच नेमके गळालेले असते. अमावास्या कन्येत असेल आणि बुध वक्री असेल, म्हणजे उलटा चालताना दिसत असेल, तर याद्या करा पण करारावर सही करायला थोडा धीर धरा, असे वाचन होते. स्वामी स्वराशीत किंवा उच्चीचा असेल तर महिन्याला कणा मिळतो. नीचेचा किंवा रवीच्या फार जवळ येऊन अस्तंगत असेल तर इच्छा असते, पण साधने अपुरी पडतात.

सिंह आणि कर्क या दोन राशींचे वेगळेपण इथे कळते. सिंहेचा स्वामी रवी, कर्केचा चंद्र, आणि अमावास्येला हे दोघे तिथेच असतात. स्वामी स्वतःच्या घरात बसून युतीत सामील झालेला असतो, म्हणून या दोन राशींतल्या अमावास्या स्वतःच्या बळावर बोलतात. १२ ऑगस्ट २०२६ ला तर कर्केत गुरूही आहे, आणि कर्क ही गुरूची उच्च रास. म्हणून आश्लेषेच्या विळख्याचा विषय असला तरी त्याला समजूतदारपणाची सोबत मिळते, असे मी वाचेन.

पायरी पाचवी: तुमच्या कुंडलीत ती कुठे पडते

आतापर्यंतचे सगळ्यांना सारखेच होते. तुमच्यापुरते वाचन आता सुरू होते.

कुंडली समोर घ्या. वरच्या बाजूचे मधले घर म्हणजे लग्नस्थान (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास म्हणजे लग्न), आणि तिथून डावीकडे वळत, घड्याळाच्या उलट दिशेने, स्थाने मोजायची. घरांत लिहिलेले आकडे राशींचे असतात, स्थानांचे नसतात. ४ लिहिलेले घर म्हणजे चौथे स्थान नव्हे. ती कर्क रास आहे, मग ती कोणत्याही स्थानात असो. वरच्या घरात ८ लिहिले असेल तर तुमचे लग्न वृश्चिक. तिथून एक धरून मोजा: वृश्चिक एक, धनू दोन, मकर तीन, कुंभ चार, मीन पाच, मेष सहा, वृषभ सात, मिथुन आठ, कर्क नऊ. म्हणजे कर्केतली अमावास्या तुमच्या नवव्या, भाग्यस्थानात झाली.

आता ऑगस्ट २०२६ ची अमावास्या वृश्चिक लग्नासाठी वाचू. भाग्यस्थानाचे विषय: गुरुजन, वडील, उच्च शिक्षण, लांबचा प्रवास, धर्म आणि मूल्ये. कर्क जलतत्त्वाची आणि चर, तेव्हा सुरुवात होईल ती मनाच्या ओढीने. नक्षत्र आश्लेषा, म्हणजे एखाद्या जुन्या समजुतीचा किंवा व्यक्तीचा पगडा तपासण्याची वेळ. सोबत उच्चीचा गुरू, जो वृश्चिक लग्नाला दुसऱ्या आणि पाचव्या स्थानाचा स्वामी आहे, म्हणून शिक्षण, मुले, वाणी, कुटुंब हे धागे त्यात गुंफले जातात. एका ओळीत लिहायचे तर: ‘ज्यांचे ऐकत आलो त्यांच्याकडून काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवून नवे शिक्षण सुरू करण्याचा महिना.’ हीच अमावास्या मेष लग्नाला चौथ्या स्थानात येते आणि घर, आई, वास्तू यांच्याबद्दल बोलते. मकर लग्नाला ती सातवी येते, आणि मग जोडीदार व भागीदार समोर उभे राहतात.

स्थानांचे विषय थोडक्यात असे. पहिले शरीर आणि स्वभाव, दुसरे पैसा आणि कुटुंब, तिसरे पराक्रम, भावंडे आणि संवाद, चौथे घर आणि मनःशांती, पाचवे विद्या, संतती आणि सर्जन, सहावे रोजचे काम, आजार आणि कर्ज, सातवे जोडीदार, आठवे अडचणी, वारसा आणि गूढ विषय, नववे भाग्य, दहावे व्यवसाय, अकरावे लाभ आणि मित्र, बारावे खर्च, झोप आणि एकांत.

जन्मवेळ माहीत नसेल तर जन्मराशीला, म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता तिला, पहिले स्थान धरून मोजा. जन्मवेळ पक्की असली तरी दोन्हींकडून पाहणे चांगले. लग्नापासून बाहेरची परिस्थिती कळते, चंद्रापासून मनाची.

पायरी सहावी: जवळपास तुमचा ग्रह आहे का

अमावास्येचे अंश तुमच्या जन्मग्रहांशी ताडून पाहा. एखादा जन्मग्रह त्याच राशीत तीन अंशांच्या आत असेल, तर तो महिना त्या ग्रहाचा. कर्केत २४ अंशांवर जन्माचा शुक्र असेल तर ऑगस्ट २०२६ ची अमावास्या त्याच्यापासून दोनच अंशांवर होते आणि नाती, आवडनिवड, कला हे विषय उजेडात येतात. शनी असेल तर कर्तव्य, मंगळ असेल तर राग आणि धडाडी. समोरच्या राशीत तेवढ्याच अंशांवर ग्रह असेल तर विषय दुसऱ्या माणसामार्फत पुढे येतो. असा ग्रह नसेल तर अमावास्या शांतपणे निघून जाते. दर महिन्याला काहीतरी मोठे घडलेच पाहिजे, हा आग्रह सोडा. बहुतेक अमावास्या तशा जातात आणि जाव्यात.

ग्रहण, आणि एकाच राशीत दोन अमावास्या

राहू आणि केतू म्हणजे चंद्राची वाट रवीच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू. अमावास्या राहू किंवा केतूच्या जवळ, साधारण पंधरा ते अठरा अंशांच्या आत झाली, तर सूर्यग्रहण होते. १२ ऑगस्ट २०२६ ची अमावास्या केतूपासून सुमारे दहा अंशांवर आहे आणि त्या दिवशी ग्रीनलंड, आइसलंड, स्पेन या भागांतून खग्रास ग्रहण दिसते. अशा अमावास्येचा प्रभाव महिन्यापुरता न धरता पुढच्या सहा महिन्यांपर्यंत धरतात. केतूजवळचे ग्रहण सोडण्याकडे झुकते, राहूजवळचे नव्या हव्यासाकडे. आधीच मन अस्वस्थ असेल तर ग्रहणाच्या भाकितांपासून दूर राहिलेलेच बरे.

कधी कधी एकाच राशीत लागोपाठ दोन अमावास्या होतात, एक अगदी सुरुवातीच्या अंशांवर आणि दुसरी अगदी शेवटच्या. निरयन पद्धतीत त्या दोन अमावास्यांमधला महिना म्हणजे अधिक मास, कारण त्या अवधीत रवी रास बदलतच नाही. २०२३ मध्ये जागतिक वेळेनुसार १७ जुलै आणि १६ ऑगस्ट अशा दोन्ही अमावास्या कर्केत झाल्या आणि अधिक श्रावण आला. २०२६ मध्ये १६ मे (भारतात १७ मे) आणि १५ जून या दोन्ही वृषभेत आहेत, म्हणून अधिक ज्येष्ठ. पहिल्या अमावास्येला काही ठरवले आणि जमले नाही, तर त्याच स्थानात दुसरी संधी मिळते, असे मी या जोडीकडे पाहते. वृषभ ज्यांच्या दुसऱ्या स्थानात पडते, त्यांनी पैशाचे नियोजन या दोन टप्प्यांत विभागून पाहावे.

मग करायचे काय

इथे दोन परंपरांचे मत वेगळे आहे आणि ते माहीत असायला हवे. आधुनिक पाश्चात्य ज्योतिषात अमावास्या म्हणजे बीज पेरण्याचा क्षण. चंद्राच्या कलांकडे एका सलग चक्राचे टप्पे म्हणून पाहण्याची ही दृष्टी विसाव्या शतकात डेन रुध्यार (१८९५–१९८५) यांच्या लेखनातून पसरली. आपल्याकडच्या मुहूर्तशास्त्रात चंद्र क्षीण असल्याने शुभकार्याच्या आरंभासाठी अमावास्या टाळतात. मला दोन्ही एकत्र नांदताना दिसतात. अमावास्येला ठरवा आणि लिहा; प्रत्यक्ष पाऊल उचलायचे ते चंद्र दिसू लागून थोडा वाढल्यावर.

लिहिताना एकच विषय घ्या, ज्या स्थानात अमावास्या पडली त्याचा. वाक्य राशीच्या ढंगाने लिहा. दहाव्या स्थानात कन्या असेल तर ‘मोठे यश मिळवीन’ असे लिहून उपयोग नाही. ‘रोजच्या कामातली कोणती एक पद्धत मी सुधारणार’ हे लिहा. साधारण सात दिवसांनी, शुक्ल अष्टमीच्या सुमारास, पहिला अडथळा कुठे आला त्याची नोंद करा. पौर्णिमेला काय उघड झाले ते लिहा. त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी त्याच राशीत पौर्णिमा येते, कारण रवी तोवर समोरच्या राशीत गेलेला असतो. कर्केतल्या अमावास्येला लिहिलेले पान रवी मकरेत असतानाच्या पौर्णिमेला उघडून वाचा. खरा ताळा तिथे मिळतो.

पुढच्या वर्षी अमावास्या बहुधा त्याच राशीत, पण दहा-अकरा अंश अलीकडे येते. २ ऑगस्ट २०२७ ला ती कर्केत पंधरा-सोळा अंशांवर, म्हणजे पुष्य नक्षत्रात होईल. विषय तोच, सूर बदललेला. मागे वळून पाहायचे असेल तर १९ वर्षे मोजा. १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ बरोबर बसतात, म्हणून अमावास्या जवळपास त्याच तारखेला, त्याच अंशांवर परत येते. १२ ऑगस्ट २०२६ ची जोडीदार अमावास्या १२ ऑगस्ट २००७ ची, जागतिक वेळेनुसार रात्री अकराच्या सुमाराची. भारतात तेव्हा १३ तारीख उजाडत होती. त्या दिवसांत तुमच्या आयुष्यात त्या स्थानाचे काय चालले होते ते आठवा आणि आताच्या पानाशेजारी लिहा. १९ वर्षांच्या या हिशेबात तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होऊ शकते, म्हणून त्या वर्षीचे अंश पंचांगात पाहून मगच नोंद करा.